डाव्या कानातला दुसरा अंतरा

या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी चहा पिता पिता बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद घरातले पैंजण... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी वायरी जोडणारा माणूस आहे. आवाज आला म्हणजे कुठून तरी करंट आला, एवढं मला कळतं. करंट नाही तर आवाज नाही. बस्स. म्हणूनच खाली जे लिहितोय त्याचा मला राग आहे. भीती नाही – राग. नुसती भीती वाटली असती तर एक नारळ फोडून मोकळा झालो असतो.

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरला की मोताळा लागतं. तिथे बसस्टँडसमोर माझं छोटं दुकान होतं, प्रचाराच्या सीडी रेकॉर्ड करून द्यायचं. बीटी कपाशी तेव्हा नुकती सगळीकडे पसरली होती. पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या जीपगाड्या भोंगे लावून गावोगाव फिरायच्या, आणि त्या भोंग्यांतून ‘शेतकरी बंधूंनो’ असा जो जाडा आवाज यायचा तो बऱ्याचदा माझाच असायचा. स्वतःच्या शेतात तेच बियाणं लावायचं, बोंडं मोजत कपाळाला हात लावायचा, आणि दुकानात येऊन त्याचाच उदोउदो करायचा, असा सगळा माझा धंदा!

दुकानात चांगलं रेकॉर्डिंग व्हायचं नाही. एसटीचा हॉर्न, रसवंतीचे घुंगरू, समोरच्या हॉटेलातली भांडी... त्यामुळे खरं काम मी घरी करायचो. घर मोताळ्यापासून आत, आडवळणाच्या गावात. गावाचं नाव देत नाही, तिथे आधीच लोक मला पुरेसं चिडवतात. घरी आमची मागची खोली होती, कापसाची. ज्यांच्याकडे कपाशी आहे त्यांना समजावून सांगायला नको. भाव वाढेल या आशेवर वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतात. बैठकीत, पलंगाखाली, जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या मागच्या खोलीत तो तिन्ही बाजूंनी आढ्यापर्यंत असायचा. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना महागडा फोम लावतात, माझ्याकडे कापूस होता. टाळी वाजवली तर आवाज जिथल्या तिथे मुरायचा. म्हणजे माझा रेकॉर्डिंगचा सीझन वेचणीपासून कापूस विकेपर्यंत. एकदा का खोली रिकामी झाली की तिथे नुसतं खाकरलं तरी घुमायचं, मग ती कामाची नाही, म्हणून पेरणीच्या सीडीही मी त्याआधीच भरून ठेवायचो.

आता मामाजींबद्दल. मामाजी म्हणजे माझे सासरे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि मलकापूरच्या एका ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवायचे. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातात लोखंडी रॉड धरून तो तारांवरून सरकवायचा. जुन्या हिंदी गाण्यांत एक लांबत जाणारा रडवेला सूर ऐकला असेल, तोच तो. मामाजींचा रॉड जिनिंगच्याच एका जुन्या शाफ्टचा तुकडा घासून केलेला होता.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची गाणी वाजवली. स्वतःची अशी एकच धून. पडदा उघडायच्या आधी, लोक सतरंजीवर जागा धरत असताना, ते ती वाजवायचे. तिला नाव नव्हतं आणि लक्ष देऊन कोणी ऐकतही नव्हतं. ऐकायची ती फक्त त्यांची एकुलती एक पोर, पडद्यामागे वायरींच्या पेटाऱ्यावर झोपलेली. ती म्हणजे माझी बायको वनिता. आधी मुखडा, मग पहिला अंतरा, दुसरा अंतरा, आणि शेवटी एक सूर हळूहळू वर न्यायचा नि तिथेच धरून ठेवायचा. तो विरला की पडदा उघडायचा. ही धून कधीच कुठे रेकॉर्ड झालेली नव्हती.

सासूबाई गेल्यावर मामाजी आमच्याकडे राहायला आले. त्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून हलकंसं वारं गेलं. चालणं-बोलणं सुधारलं, पण डाव्या हाताची बोटं हळूहळू ऐकेनाशी झाली. आज चहाचा कप धरता यायचा, पुढच्या आठवड्यात तो सांडायचा. वनिता माझ्या मागे लागली.

“तुमी साऱ्या दुनियेचे भोंगे भरून देता. माह्या बाबाची एक धून भरून द्याना. पन पुरी पाह्यजे, तुटकी नको. त्यायचा हात गेला का मंग मी कुठून आनू?”

हे काम तासाभराचं आहे असं मला वाटलं होतं.

भांडण पहिल्याच दिवशी सुरू झालं. मामाजींकडे एक ॲम्प्लिफायर होता. त्यांचे जुने दोस्त निसारभाई मलकापुरात रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे, त्यांनी प्लायवूडच्या खोक्यात बसवून दिलेला. घरात त्याला आम्ही ‘डबा’ म्हणायचो. मामाजींचं म्हणणं, गिटार डब्याला जोडायची, डब्यासमोर माइक ठेवायचा आणि डब्यातून निघेल तो आवाज भरायचा. माझं म्हणणं, गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला लावायची. डायरेक्ट. मधे डबा नको, माइक नको.

“डायरेक्टमधी फक्त तारेचा आवाज येते, मामाजी,” मी म्हणालो. “बकरी नाई, कुकर नाई, डब्याची घुंघुं नाई. डायरेक्टले कानच नसतात.”

“तेच तं म्हनतो,” ते म्हणाले. “ज्याले कान नाई त्याच्यासमोर काऊन वाजवू?”

तरी माझ्या हट्टापायी त्यांनी दोन ओळी डायरेक्ट वाजवल्या. मी हेडफोन दिला. स्वच्छ आवाज होता, काचेसारखा. त्यांनी ऐकलं आणि हेडफोन माझ्या हातात परत ठेवला.

“जवाईबुवा, हे तं फोनवर लगन लावल्यावानी हाय. सारं झालं, पन कोनी आलंच नाई.”

मग डबा. त्या डब्याने मला जो ताप दिला तो मी शत्रूलाही देणार नाही. आमच्याकडे लोडशेडिंग. वीज असायची तेव्हा व्होल्टेज नसायचं, व्होल्टेज यायचं तेव्हा मामाजी नेमके झोपलेले. इन्व्हर्टरवर लावला तर डबा म्हशीसारखा हंबरायचा. सगळं जुळून आलं की शेजारी कोणीतरी थ्रेशर चालू करायचं. त्यात बीटीच्या कापसात बसलं की अंगाला खाज सुटते. कोणाला पटो न पटो, आमच्या घरात सगळ्यांना सुटायची. मामाजी ऐन मुखड्यात मान खाजवायचे आणि मी डोकं!

आणि जेव्हा वीज, व्होल्टेज, थ्रेशर, बकरी सगळ्यांनी आमच्यावर दया केली, तेव्हाही धून पुरी झाली नाही. मुखडा व्हायचा. पहिला अंतरा व्हायचा. दुसऱ्या अंतऱ्यात रॉड वर न्यायची जागा आली की हात थरथरायचा, शेजारच्या तारा खडखडायच्या, आणि ते थांबायचे. दर वेळी तिथेच. “राहू द्या. उद्या पाहू,” म्हणायचे. दारात उभी वनिता आत निघून जायची, आणि मला ते जास्त लागायचं.

एकदा वैतागून मी म्हणालो, “मामाजी, दुसरा अंतरा तुकड्या-तुकड्यात वाजवा. मी जोडून देतो. कोनाले कळनारबी नाई.”

“मंग ते वाजवनं नाई, शिवनं झालं,” ते म्हणाले. “ते काम शिंप्याचं.”

वनितानेही माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

शेवटी तडजोड केली. गिटारमधून दोन वायरी काढल्या. एक सरळ कॉम्प्युटरला, दुसरी डब्याला, आणि डब्यासमोर माइक. दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाच वेळी. हेडफोन लावला की डाव्या कानात डायरेक्ट, उजव्या कानात डबा. पुढचं सगळं यावर आहे, म्हणून पुन्हा सांगतो. डावीकडे फक्त तारा. उजवीकडे डबा आणि त्यासोबत खोलीतलं सगळं – बोलणं, खोकणं, जे असेल ते. आणि ही एकच फाइल. डावं आणि उजवं वेगवेगळ्या वेळचं असूच शकत नाही.

इकडे कापसाचा भाव वाढायचं सोडून खाली येत चालला होता. मामाजींना धाप लागायची, घरभर खाज, उंदीर... शेवटी मी व्यापाऱ्याला हो म्हटलं. टेम्पो शुक्रवारी येणार होता. म्हणून गुरुवारी सकाळी निसारभाईंना मुद्दाम बोलावलं. त्यांनी डबा उघडला, सोल्डरचा कसलासा डाग दिला, आणि घुंघुं बंद झाली. वीज होती, व्होल्टेज होतं. मामाजी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले. वनितानं कुकरची शिट्टी काढून ठेवली होती. खोलीत आम्ही चौघं. मी रेकॉर्ड दाबलं.

आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापाऱ्याने टेम्पो एक दिवस आधी पाठवला होता!

मी उठणार तेवढ्यात मामाजींनी उजव्या हाताने खूण केली – बसा. आणि वाजवायला लागले. काय वाजवलं हो त्यांनी! मी गाण्यातला माणूस नाही, मला वायरी कळतात, पण माझ्याही अंगावर काटा आला. मुखडा झाला. पहिला अंतरा झाला. दुसरा सुरू झाला. ती जागा आली, हात वर निघाला आणि थरथरला. या वेळी नुसत्या तारा खडखडल्या नाहीत. रॉड हातातून सुटला आणि उडून मागे कापसात गेला.

आवाजसुद्धा झाला नाही, कापूसच तो. मामाजींनी रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मग म्हणाले, “रॉड कुठी गेला?”

मी आणि निसारभाई कापसात हात घालून शोधायला लागलो. वनितानं त्यांच्या मांडीवरची गिटार उचलून स्वतःकडे घेतली, तारा वाजू नयेत म्हणून तळहात त्यांवर दाबून धरला. मामाजीही वाकून उजव्या हाताने कापूस चाचपत होते, घाबरले होते. धुनेचं राहू द्या, त्यांना जिनिंगची काळजी. “शोधा हो, लोखंड हाय ते! कापसासंगं जिनिंगमधी गेलं तं ठिनगी पडन, आग लागन.” तेवढ्यात टेम्पोवाला आत येऊन माझ्यावर ओरडायला लागला. मी त्याच्याशी भांडत बाहेर गेलो. आत आलो तर हमाल कापूस उपसायला लागले होते. मी चिडून स्टॉप दाबलं, वायरी उपटल्या आणि सामान बाहेर काढलं. हमालांना, व्यापाऱ्याला, सगळ्यांना सांगितलं, पण रॉड सापडला नाही. पुढे जिनिंगमध्ये काही झाल्याचंही ऐकू आलं नाही. तो गेला कुठे, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसलो. निदान पहिल्या अंतऱ्यापर्यंतचं तरी सांभाळून ठेवावं, म्हणून. हेडफोन लावला. मुखडा, पहिला अंतरा, दोन्ही कानांत मामाजी. दुसरा अंतरा. थरथर, खडखड, उजव्या कानात गिटार थांबली.

डाव्या कानात थांबली नाही.

उजवीकडे मामाजी विचारतायत, “रॉड कुठी गेला?” आणि डावीकडे धून पुढे चालली आहे. थरथर नाही, अडखळणं नाही. उजवीकडे “लोखंड हाय ते,” निसारभाईंचं खोकणं, माझं टेम्पोवाल्याशी भांडण – आणि डावीकडे दुसरा अंतरा पुरा होतो, मुखड्यावर परत येतो, शेवटचा सूर हळूहळू वर जातो, तिथे थांबतो आणि विरतो. मग डावीकडे शांत. उजवीकडे अजून मामाजी शोधतच आहेत.

मी हेडफोन काढला. परत लावला. स्क्रीनवर पाहिलं तर त्या जागेपासून पुढे खालची, म्हणजे उजवीकडची रेघ सपाट, मधेमधे बोलण्याची टिंबं. वरची, डावीकडची रेघ छान भरलेली. मी वनिताला हाक मारली. तिने ऐकलं आणि तिथेच फरशीवर बसली.

“गिटार माह्यापाशी होती,” ती म्हणाली. “माह्या हाताखाली तारा होत्या. हलल्या असत्या तं मले कळलं नसतं का?”

मी काय काय करून पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला तेच सुचवू नका. आधीच्या कुठल्या फाइलमधला तुकडा घुसला असेल? आधीच्या एकाही फाइलमध्ये मामाजी ती जागा ओलांडून गेले नव्हते. पुरी धून माझ्याकडे नव्हतीच, तर घुसणार कुठून? रेडिओ पकडला असेल? जी धून कधी रेकॉर्डच झाली नाही ती कुठल्या स्टेशनवर लागते? वायरी, साउंड कार्ड सगळं बदलून पाहिलं. निसारभाईंना परत बोलावलं. त्यांनी दोनदा ऐकलं, टोपी काढली, परत घातली.

“माह्या डब्ब्यातून जे निघालं ते हातानं वाजलेलं हाय, एवढं मी कुरानावर हात ठेवून सांगतो,” ते म्हणाले. “तुह्या डायरेक्टमधी काय आलं ते तुले माईत, बाबू.”

पुण्यातल्या एका ओळखीच्या साउंडवाल्याला सीडी पाठवली. त्याचा फोन आला, “दादा, एडिट मस्त जमलंय, जोड कुठे आहे कळतच नाही.” मी फोन आपटला. जोडून देतो म्हणालो होतो तेव्हा जोडू दिलं नाही, आणि आता न जोडलेल्याला जोडलेलं म्हणतात!

मामाजींना सांगायचं की नाही यावर आमचं दोघांचं वाजलं. वनिताचं म्हणणं, त्यांना फक्त डावी बाजू ऐकवू आणि सांगू, तुमीच वाजवली, पुरी झाली. मी म्हणालो, त्यांचा हात गेलाय, डोकं नाही. शेवटी अंगणात बाजेवर ते बसले असताना मी दोन्ही कानांना हेडफोन लावून दिला.

ते ऐकत होते. ती जागा आली तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवर किंचित उचलला गेला. मग तो तसाच राहिला. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

“हे म्या नाई वाजवलं.”

“बाबा, सूर तं तुमचाच हाय,” वनिता म्हणाली.

“सूर माहा हाय, माय. हात माहा नाई.” मग म्हणाले, “मले जसं वाजवाचं होतं तसंच हाय, बरं का. कुठी कमी नाई, कुठी जास्त नाई.”

त्यात आनंद अजिबात नव्हता. मला राहवलं नाही. अख्खा हिवाळा मी या धुनेपायी घालवला होता. “मंग काय करू मामाजी? ठेवू का खोडू?”

“खोडू नका. कोनी मेहनत केली असन.” त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून माझ्याकडे दिली. “पन माह्या नावानं वाजवू नका.”

माझा राग हा असा आहे. मी डायरेक्टच्या बाजूने भांडलो, आणि पुरी धून डायरेक्टमध्येच आली. जिंकलो म्हणू? ज्या माणसाने ती बनवली, जन्मभर कोणी न ऐकता वाजवली, त्याच्या हाताला एकदा, फक्त एकदा ती पुरी वाजवू दिली नाही. आणि दुसऱ्या कुणी – किंवा कशाने – आरामात वाजवून टाकली. वर ती त्याच्याच कानात ऐकवली. ही काय पद्धत झाली? कोणाची कृपा असेल तर असली कृपा काय कामाची?

पुढच्या वर्षी आम्ही कपाशी सोडून सोयाबीन पेरलं. खोली रिकामीच राहिली. मामाजींसाठी नवा रॉड घासून आणला होता, पण तो त्यांना धरता आला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीला पाहुण्यांनी धून ऐकवा म्हटलं, तेव्हा आम्ही डब्याची बाजू लावली, तुटकी. कोणीतरी हळूच म्हणालं, अरे, अर्धीच आहे का? वनिता ‘हाव’ म्हणाली.

आता दुकान बंद झालंय, कॉम्प्युटर तिसरा आहे, फाइल तीच. वनिता कधीकधी दुपारी ऐकते. मध्यंतरी मी पाहिलं, तिने हेडफोनची डावी बाजू कानामागे सरकवून ठेवली होती. नुसतं उजवीकडचं ऐकत होती. मला पुन्हा तो जुना राग आला.

“तुलेच तं पुरी पाह्यजे होती ना? त्याच्यापायी जीव खाल्ला माहा. मंग डावीकडची आईक ना!”

तिने हात वर करून मला थांबवलं. ऐकणं चालूच होतं.

“तिकडं धून संपते,” ती म्हणाली. “इकडं बाबा अजून रॉड शोधून राह्यले.”

मी तिथून उठून अंगणात येऊन बसलो.